सात लुगड्यांची किक

पवनी,
२४ नोव्हेंबर २०२४

श्री. जावईबापू भूपेंद्र यांस,

सेवकरामचा नमस्कार. हे पत्र तुमच्या आधी वाचणाऱ्या कारागृहातल्या साहेबांनाही नमस्कार. माझ्या पत्रांमुळे एव्हाना त्यांचे मराठी सुधारले असावे.

तक्रार गंभीर आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही. काल सूर्योदयी मी परसात उभा राहून अर्घ्य देत असताना तुमच्या कन्येने मागच्या धानाच्या बांधीतून पायाने उडवलेला चेंडू माझ्या हातातल्या तांब्यावर येऊन आदळला. तांब्या विहिरीत गेला. अर्घ्य अर्धे सूर्याला मिळाले, अर्धे माझ्या धोतराला. चेंडूही धड गोल नाही, दोन्ही टोकांना निमुळता, कच्च्या पपईसारखा. तांब्या माझ्या वडिलांच्या वेळचा होता. उरलेल्या अर्घ्याचा सूर्यनारायणाकडे काय खुलासा करायचा तो आरोपीचे वडील म्हणून तुम्ही करावा. तुम्हाला सध्या वेळ आहे.

आता हकिगत सांगतो. बैलांच्या शर्यतीतल्या, शंकरपटातल्या त्या प्रकरणानंतर माझ्या बहिणीने, म्हणजे तुमच्या निर्मलाने, दामिनीला माझ्याकडे पाठवले त्याला दहा महिने झाले. पोरीने पोलीस भरतीचा ध्यास घेतला आहे. कॉलेजात अंकुश सर म्हणून खेळाचे शिक्षक आहेत. त्यांनी मुलींना सांगितले की कबड्डीत गर्दी फार. अमेरिकन फुटबॉल खेळा, त्यात कोणी नाही, प्रमाणपत्र लवकर मिळते. ते भरतीत चालते की नाही हे शासनाला ठाऊक, पण सोळा मुली जमल्या. हेल्मेटे नऊ आहेत. धान कापून मोकळी झालेली माझी बांधी हेच मैदान, आणि तिच्या कडेच्या धुऱ्यावर रोवलेले दोन बांबू हे गोलाचे खांब.

खेळ मी दोन दिवस पाहिला. आठ जणी आठ जणींवर धावून जातात, एकमेकींना चिखलात गाडतात, मग शिट्टी वाजते आणि सगळ्या उठून पुन्हा रांगेत उभ्या राहतात. पहिल्याच दिवशी एकीच्या नाकातून रक्त आले. दुसऱ्या दिवशी एकीचा अंगठा मागे वळला, तो अंकुश सरांनी तिथेच ओढून बसवला आणि तिला मैदानाबाहेर जायला सांगितले. ती गेली नाही. मी सरांना म्हटले, हा खेळ आहे की दावा? ते म्हणाले, पुस्तक वाचा. तर मी पुस्तक वाचले. तुम्ही मला ओळखता. नियमांचे पुस्तक हातात आले की मला भूक लागत नाही.

मी संस्कृतचा मास्तर, पण उत्सर्ग आणि अपवाद, म्हणजे सर्वसाधारण नियम आणि त्याला सूट, यांची अशी नीट मांडणी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. या सगळ्या मारामारीत एकच प्राणी अवध्य आहे, तो म्हणजे किक मारणारा. त्याने चेंडूला पाय लावल्यापासून त्याचा तोल सावरेपर्यंत कोणी त्याला धक्का देऊ शकत नाही. दिला तर दंड. राजाच्या दूतासारखा तो येतो, आपले काम करतो आणि परत जातो. मी लगेच अंकुश सरांकडे गेलो आणि आमच्या मुलीला किक मारायला ठेवा अशी विनंती केली. कोणाला ती मारणार नाही, तिला कोणी मारणार नाही. तिच्या नावावर एक जरी गुन्हा लागला तरी भरती संपली, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. नियमात बसणारा हा एकच शहाणा उपाय होता, तो मी केला.

पाय मात्र चांगला आहे तिचा. यार्ड म्हणजे आपला वार, कोष्ट्याच्या घरात वेगळे शिकवावे लागत नाही. माझ्या सौभाग्यवतींनी, रुखमाबाईंनी, बांधीत नऊवारी लुगडी टोकाला टोक लावून अंथरली आणि मोजले. दामिनी चार लुगड्यांवरून दोन्ही खांबांमधून चेंडू घालते. वारा पाठीशी असला तर पाच. अमेरिकेत सात लुगड्यांपलीकडूनही घालणारे निघाले आहेत म्हणतात. रुखमाबाई म्हणाल्या, त्यांच्या घरी लुगडी कमी असतील, म्हणून लवकर मोजून होतात.

तुमची तब्येत कळवा. गुडघा दुखतो का?

आपला,
सेवकराम


भंडारा,
२ डिसेंबर

मास्तरभाऊ,

नमस्कार. तुमचं पत्र भेटलं. इथल्या सायबानं वाचून मले देताना विचारलं, तांब्या निंगाला का विहिरीतून. तं कळवा.

गुडघा बरा आहे. मागच्या शनिवारी आमच्या बराकीत दोघं भांडले आंघोळीच्या पाण्यावरून. एकानं दुसऱ्याच्या कानाचा तुकडा दातानं तोडला अन थुंकला. मी बाजूले बसून होतो. उठलो नाही. दहा महिन्यांत मी कोणावर हात उचलला नाही, हे तुमी निर्मलाले सांगा. तिले सांगतलं तं खरं वाटत नाही, तुमी सांगतलं तं वाटंल.

पोरीच्या खेळाचं मले समजलं नाही बराबर. पण तुमी तिले मारामारीच्या बाहेर ठेवलं हे भल्लं केलं. तिचा हात कोणावर उठला नाही पायजे, मास्तर. घरात एक झाला तेवढा पुरे. मले शिक्षा लागंल थे लागंल, थे माही आहे. तिच्या अंगावर वर्दी दिसली तं मी इथं राहूनही सुखानं झोपीन.

एक विचारतो. हा खेळ मोहाडीकडच्या पोट्ट्याही खेळून राहिल्या का? इथं आमच्या गावाकडचा एक नवीन आला, थो सांगत होता का तुलारामची मेघा भरतीची तयारी करते, अन असाच काही बॉलचा खेळ खेळते. खरं असंल तं दामिनीले तिच्या समोर उभी करू नका. तुलारामले म्या मारलं, मेघानं कोर्टात माह्याकडं बोट दाखवलं. तिचं चुकलं नाही. बाप होय तिचा. पण दोघी एका जागेवर नको.

दामिनी अजून भेटाले आली नाही. मी काही म्हणत नाही. थे काही बोलते का माह्याबद्दल?

तुमचा,
भूपेंद्र


पवनी,
१९ डिसेंबर

जावईबापू,

तांब्या निघाला. गळ टाकला तेव्हा आधी दोन बादल्या आणि कोणाची तरी एक चप्पल वर आली. तांब्याला पोच आला आहे, तो मी तुमच्या खात्यावर ठेवून दिला. साहेबांना कळवावे.

उत्तराला उशीर झाला कारण मध्ये लाखनीच्या मुलींबरोबर सरावाचा सामना होता. पाहून आल्यावर दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही. एका मुलीचे पुढचे दोन दात पडले. तिने ते मातीतून शोधून मोज्यात ठेवले आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. एकीला दोघींनी दोन बाजूंनी धरून आपटले, तेव्हा ती उठून चुकीच्या दिशेने चालायला लागली आणि बराच वेळ तिला आपले नाव सांगता आले नाही. प्रेक्षक म्हणजे मुलींचे भाऊ, काका आणि चहावाला. ओरडत होते, गाड, गाड तिले. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, दोन दात पडलेली ती त्यांचीच मुलगी. ते मला म्हणाले, दातांचं काय जी, भरतीत दात मोजत नाहीत.

या सगळ्यात दामिनी तीन वेळा मैदानात आली. तिन्ही वेळा किक मारली, दोन लागल्या, आणि परत येऊन बाकावर बसली. कपड्यांना माती नाही. मला माझ्याच योजनेचे कौतुक वाटले हे कबूल करतो.

तुम्ही विचारले त्याचे उत्तर: होय, मोहाडीचा संघ आहे आणि मेघा त्यात आहे. तुमच्यापासून लपवून काय करू? पाच जानेवारीला कारध्याला नदीकाठच्या मैदानावर आपला त्यांच्याशी सामना आहे. पण काळजी करू नका, दोघी समोरासमोर येण्याचा संभवच नाही. मेघा पळते चांगली, म्हणून त्यांनी तिला पार मागे, खांबांजवळ ठेवले आहे. आमची किक मारणार मैदानाच्या या टोकाला, ती उभी त्या टोकाला. एकमेकींचे तोंडसुद्धा नीट दिसायचे नाही.

पोरगी फार शांत झाली आहे. मागच्या महिन्यात मोहाडीच्या बाजारात निर्मला वांगी घेऊन बसली होती, दामिनी तिच्याबरोबर होती. मेघा आली आणि तिने भर बाजारात टोपली पायाने उधळली. म्हणाली, तुह्या नवऱ्यानं माह्या बाबाचं तोंड वाकडं केलं, तू वांगी विकून राहिली. निर्मला रडली. दामिनीने काय केले? खाली बसली, एकेक वांगे उचलले, पदराला पुसले आणि टोपलीत ठेवले. निर्मलाने हे मला सांगितले तेव्हा मी पोरीला जवळ बोलावून शाबासकी दिली. तिने नुसती मान हलवली.

तुमच्याबद्दल ती बोलत नाही. खोटे कशाला लिहू?

मात्र पुस्तकाची तिला माझ्याइतकीच गोडी लागली आहे. परवा संध्याकाळी रुखमाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होत्या आणि मी पडून होतो. दामिनी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मामाजी, किक लय दुरून मारली अन बॉल कमी पडला, तं मंग काय होते?"

मी उठूनच बसलो. पंचवीस वर्षे शिकवतो आहे, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. सगळ्यांना एवढेच माहीत असते की लागली तर तीन गुण, नाही लागली तर शून्य. पण कमी पडलेला चेंडू मेलेला नसतो! समोरच्या संघातली मागे उभी असलेली खेळाडू तो झेलू शकते आणि घेऊन उलटी पळू शकते, थेट आमच्या रेषेपर्यंत. किक मारणाऱ्या संघात सगळे धिप्पाड, पुढे गुंतलेले. पळणारीला अडवायला मागे उरते कोण? एकटी किक मारणारी. मग तिने विचारले की किक मारणारीला तेव्हा कोणाला पाडता येते का. मी म्हटले, बाळ, तोल सावरला की तिचे अवध्यत्व संपले. आता ती बाकीच्या दहा जणींसारखी. तिला कोणी पाडू शकते आणि तीही कोणाला पाडू शकते.

"जोरात?" तिने विचारले.

मी म्हटले, चेंडू हातात असलेलीला कितीही जोरात. फक्त डोके पुढे करून नाही, खांद्याने. हे नियमात बसते.

तिने ते वहीत लिहून घेतले. अशी मुलगी संस्कृत घेत नाही, हे आमच्या शास्त्राचे दुर्दैव.

आपला,
सेवकराम


भंडारा,
३० डिसेंबर

मास्तरभाऊ,

हे पत्र भेटल्याबरोबर दामिनीले कारध्याले पाठवू नका. ताप आला म्हणा, पाय मुरगळला म्हणा, काही म्हणा. तुमचं पत्र मले आज भेटलं. लवकर लिहून राहिलो.

तुमी शिकलेले, पण तुमाले हे दिसलं नाही. पोट्टीनं तीन गोष्टी विचारल्या. बॉल कमी पडला तं काय. पाडता येते का. जोरात का. मास्तर, मेघा तिकडं मागं उभी राहते हे तिले माहीत आहे. बाजारात तिनं वांगे पुसून ठेवले म्हणता, त्याच्यानंच मले भेव वाटलं. रागानं भांडली असती तं बरं होतं.

आता म्या कोणाले नाही सांगतलं थे सांगतो. सायेब वाचतील तं वाचू द्या, कोर्टात मी हेच सांगणार आहो.

पटात माही जोडी आधी पोचली का तुलारामची, त्याच्यावरून झालं हे सगळ्यायले माहीत आहे. त्यानं माह्या बैलाच्या तोंडावर तुतारी, बैल टोचाची काठी, मारली. म्या बंडीची उभारी, बाजूचा लाकडी दांडा, उपसली अन हाणली. थे रागानं. थो पडला, एका हातावर उठाले पाहून राहिला होता, माह्याकडं पाहून राहिला होता. तेव्हा माहा राग उतरला होता, मास्तर. आईची शपथ, पार उतरला होता. म्या उभारी नीट धरली, कुठं मारावं हे पाहिलं, अन मंग दुसऱ्यांदा हाणली. त्याचं तोंड गेलं, हात गेला, थे दुसऱ्या माराले.

दामिनी बैलाचा कासरा धरून चार हातावर उभी होती. तिनं दोन्ही मार पाहिले. म्या वळून पाहिलं तं तिच्या तोंडावर भेव नव्हतं. म्हणून थे मले भेटाले येत नाही, असं मले वाटते. मले भेते म्हणून नाही. म्या तिचं तोंड पाहिलं हे तिले माहीत आहे म्हणून.

तिले खेळू देऊ नका.

भूपेंद्र


पवनी,
१२ जानेवारी २०२५

जावईबापू,

तुमचे ३० तारखेचे पत्र मला सात तारखेला मिळाले. सामना पाच तारखेला झाला. तरी तुम्हाला राग करता येईल असा माणूस या प्रकरणात मीच आहे, पोस्टमन नाही.

पाच दिवस कागद घेऊन बसतो आणि उठतो. सुरुवातीला काही गमतीचे लिहावे असे वाटत होते. जमत नाही. जसे झाले तसे लिहितो.

कारध्याच्या मैदानावर पाचेकशे माणसे होती. मोहाडीचे तीन ट्रॅक्टर भरून आले होते. पहिल्या दहा मिनिटांतच कळले की हा खेळ नाही. प्रत्येक वेळी शिट्टी वाजल्यावरही कोणीतरी कोणाच्या तरी पोटात गुडघा घालत होते. आपल्या एका मुलीच्या मनगटापाशी ढोपरासारखी गाठ आली. मोहाडीच्या एकीला चार जणांनी सतरंजीवर घालून नेले. लोक बाहेरून नावे घेऊन ओरडत होते; कोणाच्या बापाचे, कोणाच्या शेताचे. पंचांनी दोनदा खेळ थांबवला.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा मोहाडी आठ, आपण सहा. चेंडू मैदानाच्या मध्याजवळ. अंकुश सरांना चेंडू लांब फेकायचा होता. दामिनी त्यांच्याकडे गेली आणि काही बोलली. सरांनी हात हलवून नाही म्हटले. ती पुन्हा बोलली. मग ती किक मारायला मैदानात गेली. रुखमाबाईंनी नजरेनेच अंतर मोजले आणि म्हणाल्या, "सात लुगडे होतेत हे. पागल झाली का पोट्टी?"

सात लुगडी म्हणजे त्रेसष्ट यार्ड. वारा नदीकडून, समोरून येत होता. सरांना तिने सांगितले होते, लागली तर तीन गुण, आपण जिंकलो. नाही लागली तर तसेही हरतोच. तर्क निर्दोष होता. पण जावईबापू, तिचा पाय चार लुगड्यांचा आहे, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. मी चष्मा पुसून पाहिले. किक मारण्याआधी खेळाडू खांबांकडे पाहतो. ती खांबांकडे पाहत नव्हती. खांबांच्या अलीकडे मेघा एकटी उभी होती, तिच्याकडे पाहत होती. तरी मला काही कळले नाही. मी फक्त विचार करत होतो की नियम मी सांगितला तसाच आता घडणार.

घडला. चेंडू उंच गेला, चार लुगड्यांवर दमला आणि खाली आला. मेघाने तो छातीवर झेलला आणि पळाली. आपल्या मुली पुढे गुंतलेल्या. मोहाडीच्या एका मुलीने दामिनीला खांद्याने पाडायला पाहिले, ही वाकून निसटली. मग मधे कोणी नव्हते. मेघा मुसंडी मारून येत होती आणि दामिनी तिच्याकडे धावत गेली. डोके बाजूला, खांदा खाली, अगदी पुस्तकात लिहिले आहे तसे.

आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. मागाची फणी मोडते तेव्हा असा आवाज येतो. मेघाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. चेंडू सुटला, आपल्या एका मुलीने तो उचलला आणि पळत जाऊन रेषा ओलांडली. आपण जिंकलो. पाचशे माणसे उठली. आणि हे मला लिहायलाच हवे: मीही उठलो. मी टाळी वाजवली. "वा," असे मोठ्याने म्हणालो. वारा तिकडचा असता तर नदीपलीकडे तुमच्यापर्यंत आरोळी आली असती, आणि तिच्यात माझा आवाज होता.

नंतर पाहिले. मेघाच्या हेल्मेटला पुढची जाळी नव्हती. खालचा दात ओठातून बाहेर आला होता. गळ्याजवळचे हाड मोडून कातडीखाली उभे राहिले होते. दामिनी तिच्या अंगावरून उठली, क्षणभर तिच्या कानाशी वाकली आणि मग सरळ चालत आपल्या मुलींकडे गेली. त्यांनी तिला खांद्यावर घेतले. पंचांनी काही दंड दिला नाही. देण्यासारखे काही नव्हते. अंकुश सर म्हणाले, जिल्ह्यात असा टॅकल कोणी पाहिला नाही. तिला त्या दिवसाची सर्वोत्तम खेळाडू म्हणून ढाल मिळाली. ती ढाल आता माझ्या तांब्याशेजारी आहे.

तुमचे पत्र वाचून दुसऱ्या दिवशी मी मोहाडीला गेलो. तुलारामच्या घरी. जावे की नाही हे मला कोणी सांगितले नव्हते. तुलाराम ओसरीवर खाटेवर बसला होता. मला पाहून त्याने तोंडातून एक आवाज काढला. तो रागाचा होता की या-बसा म्हणण्याचा, हे मला कळले नाही. मेघाचा उजवा हात छातीशी बांधलेला. ती डाव्या हाताने बापाला पेज भरवत होती आणि त्याच्या हनुवटीवर ओघळलेली त्याच चमच्याने पुन्हा तोंडात घालत होती. तिचा स्वतःचा ओठ शिवलेला. पुढच्या महिन्यात तिची भरतीची मैदानी चाचणी होती. गोळा फेकायचा असतो. ती आता या वर्षी होणार नाही, आणि पुढच्या वर्षी तिचे वय निघून जाते.

मी ओसरीच्या कडेला टेकलो. पेज संपल्यावर तीच म्हणाली, "मास्तर, तिनं उठताना माह्या कानात सांगतलं, हे नियमात बसते म्हणून. खरंच बसते का?"

"बसते," मी म्हटले.

तिने रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "थे पुस्तक मले वाचाले भेटंल का?"

माझ्या पिशवीत ते पुस्तक होते. मी म्हटले, माझ्याजवळ नाही. जन्मात पहिल्यांदा कोणी शिकायला ग्रंथ मागितला आणि मी खोटे बोललो.

घरी आल्यावर मी दामिनीला विचारायचे ठरवले होते. काय विचारणार? तिने काहीच चुकीचे केले नाही. तुमच्या हातात उभारी होती म्हणून तुम्ही आत आहात. तिच्या खांद्यावर गादीचे चिलखत होते म्हणून तिला ढाल मिळाली. तरी मी म्हटले, बाळ, सात लुगड्यांवरून लागणार नाही हे तुला माहीत होते ना? ती म्हणाली, "तुमीच तं सांगतलं होतं मामाजी, कमी पडलेला बॉल मेलेला नसते." हे तिने उद्धटपणे म्हटले नाही. विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतो तसे म्हटले. त्या संध्याकाळी रुखमाबाई मला आत बोलावून म्हणाल्या की वर्षभरात पोट्टी पहिल्यांदा पोटभर जेवली.

तुमचे पत्र मी तिला दाखवले नाही. दाखवावे का, हे तुम्ही ठरवा. तुम्ही दुसऱ्या माराबद्दल लिहिले ते वाचून मी कागद घडी करून ठेवला आणि पुन्हा उघडला. मी हसून सांगितलेले सगळे आधी तुम्हाला दिसले, तेही चार भिंतींच्या आत बसून. पंचवीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की शास्त्र माणसाला आवरते. ते शिकवूही शकते, कुठे आणि कधी मारावे ते, याचा मी विचार केला नव्हता.

ती मेघाला भेटायला जाणार नाही. मी सुचवून पाहिले.

आता ती भरतीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करते आहे. काल दुपारी कायद्याचे जाड पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली, तशीच, नेहमीच्या जागी बसली, वही उघडली आणि विचारले, "मामाजी, पोलिसानं कोणाले केव्हा केव्हा मारलं तं चालते?"

उत्तर त्याच पानावर होते, मला दिसत होते. मी म्हटले, मला ठाऊक नाही. ती स्वतःच वाचायला लागली.

तिच्या हातापायांना काही होईल याची मला आता काळजी नाही. वर्दी तिला मिळेल, याबद्दलही शंका नाही. तुम्ही म्हणाला होतात की ती वर्दीत दिसली तर सुखाने झोपाल. मला झोप येत नाही, भूपेंद्र. ती माझ्या बहिणीची मुलगी आहे, माझ्या घरात वाढते आहे, माझ्या शेजारी बसून वाचते आहे, आणि मला तिची भीती वाटते.

आपला,
सेवकराम